अक्काचा मळा

गौराक्कांनी पहिल्याच भेटीत मला पाणी शेंदायला लावलं. बेंबळीत येऊन मला आठवडाही झाला नव्हता. वडील तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून बदलून आले होते, आणि मी सिकंदराबादच्या मिशनच्या शाळेतलं शिक्षण संपवून नुकतीच घरी आले होते. दवाखान्यामागे एक आड होता आणि आडाला लागून भाजीचा मळा. आसपासच्या घरांतल्या बायका तिथं मिळून भाजी करत आणि रोजच्या कालवणापुरती घरी नेत. मी दिवसभर खोलीत पुस्तक घेऊन बसते हे आईला बघवेना, म्हणून तिनं मला तिकडे पिटाळलं.

बायकांनी मला एक मोकळा वाफा दाखवला. आमच्या शाळेच्या बागेत प्रत्येक मुलीच्या वाफ्यावर तिच्या नावाची पाटी असे. मी औषधाच्या खोक्याची एक फळी काढली, तिच्यावर इंग्रजीत नाव लिहिलं आणि वाफ्यात ठोकली. थोड्या वेळानं एक ठेंगण्या, साठीच्या बाई कमरेवर हात ठेवून त्या फळीसमोर उभ्या राहिल्या. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर भस्म.

"हे काय लिवलंय गं? देवाचं नाव?"

"नाही, माझं. हा माझा वाफा आहे ना."

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. बाई मात्र गंभीर होत्या. "दोनदा म्हणलं बघा डॉक्टरांच्या लेकीनं! सखू, पोहरा दे तिला."

मळ्यात 'माझं' किंवा 'तुझं' म्हणायचं नाही, हा गौराक्कांचा नियम. म्हणेल त्यानं त्या दिवशी सगळ्या वाफ्यांना पाणी घालायचं. माझ्या तळहातांना फोड आले. दुसऱ्या दिवशी त्या एरंडेलाची वाटी घेऊन आल्या. "दाव गं हात," म्हणाल्या, आणि तेल चोळता चोळता, "तुमच्या इंग्रजीत ह्या शब्दाशिवाय बोलताच येत न्हाय का?" ती फळी त्यांनी फेकली नाही. तिच्यावर घेवड्याचा वेल चढवला आणि महिन्याभरात माझं नाव पानांखाली गेलं.

मळ्यातली बोली मला शिकावी लागली. तिथं सखूची वांगी नव्हती, आडाकडची वांगी होती. चिंचेखालचा घेवडा होता, मोरीकडली मेथी होती. मेथी कुणी पेरली हे सगळ्यांना ठाऊक असे, पण तोंडात जागेचं नाव येई. अक्कांना ही सवय इतकी लागलेली की मळ्याबाहेरही सुटत नसे. "ह्यो गुडघा आज लई बोलतोय," असं त्या म्हणत, जणू गुडघा शेजारणीचा होता. झाडांना शिव्या मात्र कानडीत देत. मराठीत दिल्या तर बायकांना वाटेल आपल्यालाच दिल्या, म्हणून.

एकदा मी धीर करून विचारलं, हा नियम आला कुठून? खुरपं न थांबवता त्या म्हणाल्या, "आमच्या घरात दोघं भाऊ. बांध कुणाचा, ह्यावर बोलणं सुरू झालं ते कोर्टात गेलं. बांध अजून हाय. भाऊ दोघंबी न्हाईत." त्या दोघांतले एक त्यांचे यजमान होते.

मग एका हिवाळ्यात धाराशिवहून महसुलाचे साहेब आले. हातात कागद, मागे शेजारच्या शेताचे मालक पानाचा डबा धरून उभे. साहेबांनी विचारलं, "ये बाग किसका है?"

सगळ्याजणी अक्कांकडे बघू लागल्या. शेवटी सखू पुटपुटली, "आपला हाय."

साहेब काही रागीट नव्हते. त्यांनी मोडक्या मराठीत समजावलं की कागदावर एक नाव लागतं. नाव नसेल तर जमीन बेवारस धरतात आणि मागेल त्याला देतात. मागणारे मालक पानाला चुना लावत होते.

अक्कांनी खुरपं खाली ठेवलं. मळ्यावरून एकदा नजर फिरवली. "मेरा है," त्या म्हणाल्या. "गौराबाई. लिखो." इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

साहेब गेल्यावर सखू म्हणाली, "अक्का, सरकारी बोलीत म्हणलात तुमी. ते काय धरायचं न्हाय."

"वांग्यांना काय ठावं, कुठल्या बोलीत म्हणलं ते? पोहरा आण."

दिवस मावळेपर्यंत त्यांनी पाणी शेंदलं. कोणाला दोराला हात लावू दिला नाही.

मळा वाचला, पाण्याचा दंडही भरून झाला. मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, "अक्का, जरा मेथी घेऊ का?" अक्का हसल्या, "विचारती काय गं!" तरी तिसऱ्या दिवशी दुसरीनं विचारलं. मग सगळ्याच विचारू लागल्या. अक्कांची थट्टा करणारी सखू त्यांना बघून डोईवर पदर घेऊ लागली. चांगली चांगली वांगी आधी त्यांच्या घरी पोचू लागली. हे कोणी ठरवून केलं नव्हतं. हळूहळू अक्का मळ्यात उतरेनाशा झाल्या. आडाच्या दगडावर बसून राहत. "मळा वाचला, म्या भाईर पडले," एकदा त्या मला म्हणाल्या. "तू कुणाला बोलत न्हाईस, म्हणून तुला सांगितलं."

महिनाभर त्या तशा बसल्या असतील. मग एका सकाळी उठल्या, हात जोडून सखूसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सखूबाई, दोन वांगी घेऊ का?"

सखू गडबडली. "अगं बया! मला काय विचारता अक्का, तुमचाच तर..." आणि तिनं जीभ चावली.

"बोल की! तुमचाच काय? पुरं कर आणि पोहरा घे."

मग सखूच खो खो हसत सुटली आणि दोर उचलून आडाकडे गेली. त्या दिवशी अक्का मळ्यात उतरल्या. संध्याकाळी एकीनं त्यांच्या समोरून, त्यांना न विचारता, ओटीभर मेथी खुडून नेली. अक्का तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. डोळे पुसले आणि वेलाला कानडीत एक शिवी दिली.

राज्य बदललं त्या धामधुमीत आम्ही सोलापूरला आलो. निघताना अक्कांनी घेवड्याचं बी पदरात घातलं. कोणासाठी, कुठं लावायचं, काही बोलल्या नाहीत.

गेल्या महिन्यात सखू डोळे दाखवायला सोलापुरात आली आणि आमच्याकडे उतरली. अक्का उन्हाळ्यात गेल्या, तिनं सांगितलं. मी मळ्याचं विचारलं.

"हाय की. आता समदं गाव त्याला अक्काचा मळा म्हणतंय."

"म्हणजे नियम मोडला?"

"रोज मोडतो," सखू म्हणाली. "आणि जे म्हणंल ते गुमान जाऊन पाणी शेंदतंय. सांगावं लागत न्हाय. एक वाफा सुकलेला न्हाय, बघा."

आमच्या वाड्यात आड नाही, नळ आहे. या लेखाला वरचं नाव दिलं, तेव्हा मी उठले, चारही बिऱ्हाडांच्या कुंड्यांना पाणी घातलं आणि मग लिहायला बसले.