साडूचा दोर आणि मामांचे बैल

माझे साडू वसंतराव डोंगर चढतात. पोटासाठी नव्हे, नवसासाठी नव्हे, नुसत्या हौसेनं चढतात आणि लगेच उतरतात.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमचे सासरे मामा (कसबा बावड्याचे शेतकरी, बोलणं थेट कपाळात) तोंडातलं पान चघळायचे थांबले होते.

"वर काय गुरं चुकल्यात व्हय तुमची?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. नुसतं चढायचं."

"मग वाट नसंल."

"वाट असते. पण आम्ही वाटेनं जात नाही, कड्यावरून जातो."

मामांनी थोडा विचार केला आणि हळूच विचारलं, "हापिसात कळलंय हे?"

मला फार बरं वाटलं. मुंबईच्या मोठ्या कचेरीतला हा गोरापान, उंच, सडपातळ धाकटा जावई निदान डोक्यानं तरी अधू ठरतोय, एवढ्यावर मी समाधान मानलं असतं. पण नशीब आडवं आलं! त्याच वर्षी उन्हाळ्यात एव्हरेस्ट सर झालं. साऱ्या देशाला आनंद झाला, मला सोडून. वर कोण गेलं, कसं गेलं हे राहिलं बाजूला; आमच्या सासुरवाडीत असं ठरून गेलं की त्या कामात वसंतरावांचाही थोडाफार हात असणार.

दिवाळीला आम्ही दोघे जावई बावड्यात जमलो, तोवर वारं पार फिरलं होतं. मी थोरला जावई. नऊ वर्षं त्या घरात माझा शब्द खाली पडत नव्हता. मटणातली नळी माझ्याच ताटात पडायची, तिसऱ्यांदा "नको नको" म्हणून झालं की मी ती फोडायचो. त्या दिवशी सासूबाई नळी घेऊन आल्या, माझ्यापुढं क्षणभर थांबल्या आणि तशाच पुढं गेल्या!

"मास्तर, तुमाला चालंल न्हवं?" त्या मागं वळून म्हणाल्या. "वसंतरावास्नी डोंगर चढायचा असतोय. तुमी काय, शाळंत खुर्चीवरच बसणार."

मी हसून मान डोलावली. तो रस्सा मला कडू लागला, हे आज सांगायला हरकत नाही.

नळी गेली तर गेली. पण माझी बायको सरू! जेवणं झाल्यावर वसंतरावांनी आपलं सामान सोप्यात मांडलं. जाड पांढरा दोर आणि तळाला खिळे ठोकलेले बूट. (मामा म्हणाले, "बैलाला पत्र्या ठोकत्यात तसं हाय की!") वसंतराव कुठल्याशा सुळक्यावर एका बोटावर कसे लोंबकळले ते सांगू लागले आणि सरू ऐकू लागली. नऊ वर्षांत तिनं माझं काहीही इतक्या मन लावून ऐकलं नव्हतं. तोंडावर हात, डोळे मोठे! मी एकदा वर्गात फळा अंगावर पडूनसुद्धा शिकवत राहिलो होतो, ती गोष्ट सांगताना ही लसूण सोलत होती.

त्या लसणाच्या रागात माझ्या तोंडून वाक्य गेलं:

"यात काय एवढं? आमच्या शाहूवाडीत असले कडे आम्ही शाळेला जाताना चढायचो."

मी शाहूवाडीचा, हे खरं. शाहूवाडीत डोंगर आहेत, हेही खरं. पण आमचं घर डोंगरापासून लांब, भाताच्या खाचरांच्या मधोमध होतं आणि लहानपणी मी जास्तीत जास्त उंच चढलो होतो तो आमच्या माळ्यावर. तिथूनही आईनं उतरवून घेतलं होतं.

"मग तर मजाच!" वसंतराव खरोखर आनंदून म्हणाले. (हा माणूस कशानंही आनंदतो, हे त्याचं आणखी एक.) "उद्या पन्हाळ्याला जाऊ या. एक छोटासा कडा मी हेरून ठेवलाय. मास्तर, आपण दोघं मिळून चढू!"

"अवो, खरंच चढणार तुमी?" सरूनं विचारलं. आणि तिनं माझ्याकडं बघितलं! थेट तसंच, मघाच्या डोळ्यांनी! त्या एका नजरेसाठी मी एव्हरेस्टला सुद्धा "हो" म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामांनी चांद्या आणि लाल्याला गाडीला जुंपलं. गाडीत मामा, मी, सरू, तिची धाकटी बहीण शालन, वसंतराव, त्यांचा दोर आणि भाकरीची भली मोठी टोपली. वाटभर शालन आपल्या मालकांचे पराक्रम सांगत होती आणि सरू माझ्याकडं वळून म्हणत होती, "तुमी बी सांगा की शाहूवाडीचं." मी घसा बसल्याचं सांगितलं.

गाडी गडावर चढली आणि कड्याच्या वर एका झाडाखाली थांबली. बैल सोडले, घोंगडी अंथरली. बाजूच्या पायवाटेनं मी आणि वसंतराव खाली कड्याच्या पायथ्याशी गेलो. "छोटासा" कडा चांगला दोन माड्यांच्या घराएवढा होता! वसंतरावांनी दोराचं एक टोक कमरेला बांधलं, हाताला माती चोळली आणि पाल भिंतीवर जाते तसे सुळसुळ वर गेले. वर दोघी बहिणींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज ऐकून मी नीट कान दिला. सरूची टाळी शालनच्या टाळीपेक्षा मोठी होती.

वरून वसंतरावांचं हसरं डोकं दिसलं. "मास्तर, खडक जरा निसरडा आहे. तुम्ही धोतरात आहात, वाटेनंच वर या. काही हरकत नाही."

काही हरकत नाही! म्हणजे मला हरकत असण्याचासुद्धा हक्क नाही! शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, पण बायकोदेखत ही दया?

"दोर सोडा खाली!" मी गरजलो.

दोर आला. त्यांनी वरून सांगितली तशी गाठ मी काखेखालून छातीला बांधली. धोतराचा काचा मारला, कोट अंगावर तसाच ठेवला (थोरल्या जावयानं बिनकोटाचं कुठं जायचं नसतं) आणि चढायला लागलो. पहिले चारपाच हात बरे गेले, तिथं पायऱ्यांसारखं काही होतं. मग एक अरुंद कपार आली. तिच्यावर उभं राहून मी सरू बघतेय का ते पाहायला मान वर केली. ती बघत होती. मग, तिनं बघण्याजोगा मी किती उंच आलोय, हे अजमावायला मी खाली पाहिलं.

ते पाहायला नको होतं.

पुढचं मला आठवतं ते एवढंच की मी खडकाला मिठी मारली होती. सख्ख्या भावाला मी कधी इतकं कवटाळलं नाही.

"मास्तर, डावा पाय वर घ्या!" वसंतराव ओरडले. "डाव्या बाजूला खाच आहे."

"डावा कुठला?" मी विचारलं. पंधरा वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाचा हा प्रश्न होता.

"अवो, घड्याळ बांधतासा त्यो!" सरू वरून ओरडली.

"घड्याळ घरी ठेवलंय!"

यानंतर खाली यावं असं ठरलं, पण पाय खालीही जाईना. तेव्हा वर ओढून घ्यायचं ठरलं. वसंतराव, मामा आणि दोघी बहिणींनी दोर धरला. "हुईऽऽय्या!" झालं. मी जागचा हललो नाही. नऊ वर्षांचं सासुरवाडीचं जेवण असं चार माणसांना थोडंच उचलतंय!

"सोडा रं," मामांचा आवाज आला. "बैलं कशाला आणल्यात मग?"

"मामा, बैल नको!" वसंतराव पहिल्यांदाच घाबरलेले ऐकू आले. "असं कुणी करत नाही!"

"तुमच्याकडं करत नसतील. चाळीस वरसं मोट हाकतुया मी. हिरीतनं एवढी पाण्यानं भरलेली मोट काढतुया, त्यात मास्तर काय जड!"

हे मात्र खरं होतं. चांद्या-लाल्या नांगरापेक्षा मोटेचे बैल. रोज सकाळी विहिरीवर धावेच्या उतारावरून खाली जायचं, की मागं दोराला बांधलेली चामड्याची मोट भरून वर येते. मामांनी माझा दोर बैलांच्या जुवाला बांधला. वसंतरावांनी नाइलाजानं कड्याच्या काठावर दोराखाली घोंगडं घातलं. बैलांच्या पुढं जमिनीला बेताचा उतार होताच. मोट हाकताना बसतात तसे मामा सवयीनं ताणलेल्या दोरावर बसले, त्यांनी मोटेवरचं गाणं सुरू केलं, आणि मी निघालो!

खडकाला गाल घासत, कोट फाडत, पण निघालो. माझं डोकं काठावर आलं. समोर वसंतरावांचा हात होता.

"द्या हात, मास्तर!"

आता सांगतो ते मनावर दगड ठेवून ऐका. शेजारी सरू उभी होती. एवढ्या उंच आलेला माणूस शेवटच्या वीतभरासाठी साडूचा हात धरणार? मी म्हणालो, "राहू द्या. येतो माझा मी."

आणि बैल थांबले.

विहिरीवर रोज तेवढी पावलं चाललं की मोट काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी हौदात, रिकामी होते, आणि मग बैलांनी उलट्या पावलांनी मागं यायचं असतं. हे चांद्या-लाल्याला मामांनी आठ वर्षं शिकवलं होतं. ते शहाणे बैल. ते उलट्या पावलांनी मागं येऊ लागले!

"अवो! अवो! चालला कुटं?" सरू ओरडली.

मी सरळ खाली चाललो होतो. कपार गेली, पायऱ्या गेल्या, आणि पायथ्यापासून हातभरावर मी दोराला लोंबकळत राहिलो. वास्तविक तिथं दोर सोडून उभं राहता आलं असतं. पण गाठ सापडायच्या आत मामांनी "हां रं लाल्या!" म्हटलं आणि मी पुन्हा वर निघालो.

दुसऱ्या खेपेला मी अक्कल शिकलो होतो. काठ यायच्या आधीपासून दोन्ही हात पसरून ओरडत होतो, "वसंतराव, हात! हात द्या!" पण वसंतराव तिथं नव्हतेच. ते बैलांना अडवायला धावले होते! परक्या माणसाला पुढ्यात बघून चांद्या बुजला आणि नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं मागं आला. मीही त्याच वेगानं खाली आलो.

"मामा, थांबवा!" मी खालून ओरडलो.

"थांबतोय कशाला, लागलाय आता सूर!" मामा गाण्याच्या मधूनच म्हणाले.

तिसऱ्या खेपेला माझं डोकं वर आलं तेव्हा काठावर सरू पालथी पडली होती. तिनं दोन्ही हातांनी माझ्या कोटाची कॉलर धरली. लहानपणापासून थारोळ्यावर मोट ओढून घेतलेले हात ते! शालननं तिचे पाय धरले, वसंतरावांनी माझी बगल धरली, आणि बैल उलटे फिरायच्या आत मी घोंगडीवर येऊन पडलो. धोतराचा एक सोगा कड्यावर कुठंतरी राहिला होता, नाक सोललं होतं. मी डोळे मिटून घेतले. आता सरूच्या तोंडाकडं बघायची माझी छाती होत नव्हती. नळी गेली, मान गेला, त्याचं काही नाही. पण काल रात्रीची ती नजर आता या जन्मी पुन्हा मिळणार नाही, याचं मला रडू येत होतं.

परतीच्या वाटेवर मामांना मधूनच हसू फुटायचं, ते बैलांना शिव्या देऊन लपवायचे. अखेर शालनला राहवलं नाही.

"काय बी म्हण आक्का," ती म्हणाली, "आमच्या मालकांनी कडा कसा झटक्यात चढला!"

मी मान आणखी खाली घातली. माझ्या शेजारी सरू ताठ झाली. पदर खोचला. (ती पदर खोचते तेव्हा गल्लीतली भांडणं मिटतात.)

"चढला की," ती म्हणाली. "न्हाय कोण म्हणतंय? पर तुझ्या मालकांनी एकदा चढला. आमचं हे तीनदा चढलं!"

मामा हसायचे थांबले. शालनचं तोंड उघडं पडलं. मी हळूच वसंतरावांकडं पाहिलं. आता हा माणूस एक शब्द बोलला की मी संपलो. वसंतरावांनी माझ्या सोललेल्या नाकाकडं पाहिलं, सरूच्या तोंडाकडं पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे मान हलवून म्हणाले,

"खरं आहे, आक्का. तीनदा मला नसतं जमलं."

सरूनं माझ्याकडं बघितलं. मोठे मोठे डोळे करून! मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण तुम्हीच सांगा, साडूनं इतक्या मोठ्या मनाचं असावं का? मला रात्रभर झोप आली नाही, आता त्याच्या मनाचा हेवा वाटायला लागला होता!