लेखिकाकाकूंचा पत्ता
मेतकुटाचा डबा उघडला की चंदीगडच्या लेखिकाकाकू आठवतात. त्यांचं फेसबुक पेज मी सांभाळायचे. कुणी मराठीत दोन शब्द लिहिले की काकू खाली सेक्टरसकट घराचा पत्ता टाकायच्या, वर ‘जेवायलाच या’. एकदा थंडीत गच्चीवर उन्हात जेवताना मी वैतागून म्हटलं, “काकू, हे सगळं जग वाचतं. उद्या कोणीही दारात उभं राहील.” माझ्या मेतकूट-भातावर तूप वाढत त्या म्हणाल्या, “तू नाही का तसाच पत्ता वाचून आलीस?” मी ताट पुढे केलं. आमची चंदीगडहून बदली झाली, तरी पेज अजून माझ्याकडेच आहे. पत्ता दिसला की आधी पुसते. मग त्या वाचकाची नीट चौकशी करते, आणि खरंच कुणी तिथे नवं, एकटं असलं, तर काकूंना फोन करते, उद्या भात थोडा जास्त लावा.