मल्लूअण्णा अजून आत आहेत

मंडळी, आज सोलापूरच्या आमच्या ऑफिसात एक नको ते काम वाट्याला आलं.

आमच्या नेटवर्कच्या दारावर फायरवॉल नावाचा राखणदार आहे. काळ्या पडद्यावर कमांड लिहून त्याला हुकूम देण्याचा अधिकार दोघांनाच होता, मला आणि मल्लूअण्णांना. अण्णा परवा हार्ट अटॅकने गेले. साहेब म्हणाले, "त्यांचं खातं काढून टाका."

कमांड दिली, तर यंत्र म्हणालं, हा माणूस सध्या आत आहे.

अण्णांचा कॉम्प्युटर चालूच राहिला होता. बराच वेळ हात लागला नाही, तर यंत्र आपोआप बाहेर काढतं. अण्णांनी ती सोय बंद करून ठेवलेली. मी टोकायचो, "अण्णा, हे नियमबाह्य आहे."

"शास्त्रीबुवा, सारखं पासवर्ड कोण टाकणार? मी उठून गेलो की तुमीच काढा की भाईर!"

मृत्यूला संस्कृतात किती शब्द आहेत, सगळे मला पाठ. पण यंत्राने "नक्की?" विचारल्यावर नुसतं "हो" लिहायला हात उचलेना.

शेवटी लिहिलं. यादीत आता माझं एकट्याचं नाव आहे.

त्यांचा कॉम्प्युटर मात्र चालूच ठेवून आलोय. नियमबाह्य आहे, माहीत आहे. तुम्ही बंद केला असता?