पुराव्यासाठी रेकॉर्डर

"उतरलीस."

लग्न झाल्यापासून काकूने हा शब्द जितक्या वेळा ऐकलाय, तितक्या वेळा तिने स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. काका व्हायोलिन वाजवतो, काकू गाते. गाणं अंतऱ्यापाशी पोचलं की काकाची डावी भुवई वर जाते, गज तारेवरून उचलला जातो आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा बेताने काका सांगतो की बाई सुरातून खाली आल्या.

"बरं," काकू म्हणते, आणि पुन्हा वर पकडते.

काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासनीस आहे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. एक स्वतःला लिहायला, एक लोकांना द्यायला. दुसरं चालत नाही. दिवसभर माणसं त्याच्या टेबलाशी येऊन वाद घालतात. "साहेब, घरात आम्ही दोघंच. एवढं पाणी पितो का आम्ही? मीटर पळतंय!" काका चष्मा नाकावर खाली घेतो, समोरच्याला दमू देतो आणि म्हणतो, "मीटर पळत नाही. तुमचा नळ पळतो. मीटर फक्त बघतं." हे वाक्य तो संध्याकाळी घरी येऊन जेवताना आम्हाला पुन्हा म्हणून दाखवतो. समोरच्याचा पडलेला चेहराही करून दाखवतो. तो चेहरा त्याला फार छान जमतो.

काकू दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. तिथे गाल धरून आलेली माणसं तिच्या नुसत्या "बसा हं, आत्ता बोलावतील" एवढ्यानेच निम्मी बरी होतात, असं डॉक्टरच सांगतात. त्याच बाईचा घरचा आवाज वेगळा. अंतरा जवळ आला की तो चपला हातात घेऊन चालल्यासारखा चालायचा. गाताना तिचं लक्ष शब्दांकडे नसायचं, काकाच्या भुवईकडे असायचं. कार्यक्रमात तर काका आधीच माइक घेऊन लोकांना सांगून ठेवायचा, "आज हिचा घसा जरा बसलाय. सांभाळून घ्या." घसा ठणठणीत असायचा. हे ऐकल्यावर मात्र खरंच बसायचा.

तर झालं असं, की स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलला दर शनिवारी संध्याकाळी गाणारी-वाजवणारी मंडळी हवी होती. मॅनेजरने तीन गाण्यांचं रेकॉर्डिंग मागितलं.

"फोनवर करून टाक की," मी म्हणाले.

काकाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पाण्याचं मीटर दगडाने फोडायला निघालेय.

"फोन? अगं, फोन गाण्याची वाट लावतो. बारीक आवाज मोठा करतो, मोठा बारीक करतो, सगळ्यांना शाळेतल्या रांगेत एका उंचीचं करून उभं करतो. वाजवणाऱ्यांसाठी वेगळे रेकॉर्डर येतात. हातात मावणारे. त्यात ट्रॅक वेगवेगळे घेता येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे हिचा आवाज एका ट्रॅकवर, माझं व्हायोलिन दुसऱ्यावर. नंतर एकेक सुटं ऐकायचं." काका खुर्चीत पुढे सरकला. "हॉटेल हे निमित्त गं. मला हिला एकदा पुरावा दाखवायचाय. स्वतःच्या कानांनी ऐकू दे कुठे-कुठे उतरते ते. मग हीच म्हणेल, दुसरी गाणारी बघा. मी नाही म्हणणार. मी एवढा वाईट माणूस नाही."

काकू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बघितलीय का कोणी?" तिने विचारलं.

"आमच्या साहेबांची भाची आहे. आवाज चढा आहे तिचा."

"हो का."

काकूने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग पुन्हा मोडली.

काका बाहेर गेल्यावर मी विचारलं, "काकू, खरं सांग. तुला वाटतं तू उतरतेस?"

"मला नाही वाटत गं. पण इतकी वर्षं रोज कोणी सांगत राहिलं, की आपल्याला वाटतं त्याला काय किंमत राहते?" ती टॉवेलाकडे बघत म्हणाली. "हॉटेल गेलं तर जाऊ दे. पण ती मुलगी गाणार आणि मी काय करणार? समोर बसून टाळ्या वाजवू?"

पुढचे काही आठवडे घरात फक्त रेकॉर्डर होता. घरात म्हणजे काकाच्या तोंडात. सकाळी चहाबरोबर बॅटरी किती टिकते, रात्री भाताबरोबर मेमरी कार्ड कुठलं चालतं. एका मशीनचे माइक एकमेकांवर हात टाकून बसल्यासारखे, एकाचे पाठीला पाठ लावून रुसल्यासारखे. त्यातले आपल्याला कुठले बरे? गादीवर पडल्या पडल्या तो व्हिडिओ बघायचा. त्यात कोणी तरी परकी माणसं मशीनपुढे खोकायची, चुटक्या वाजवायची, आणि काका मान डोलवायचा. गाणं ऐकताना त्याला इतकी मान डोलवताना मी कधी बघितलं नव्हतं. काका-काकूंच्या कार्यक्रमांत गिटार वाजवणारा एक जण आहे. त्याला सगळे मौनी म्हणतात, कारण तालमीत तो कधीच मत देत नाही. काकाने त्याच्यापुढेही पाठ वाचला, "एक वेळ बाकी काही नसलं तरी चालेल. ट्रॅक वेगळे पाहिजेत. त्याशिवाय माणसाला आपली चूक कळत नाही."

मौनी गिटारची तार पुसत राहिला.

शेवटी एका शनिवारी आम्ही तिघं वाद्यांच्या दुकानात गेलो. खाली चपलांचं दुकान, वर हे. काउंटरमागे एक मुलगी च्युइंगम चघळत उभी. काकाने तिला खरेदीचं कमी आणि परीक्षेचं जास्त वाटेल असं विचारायला सुरुवात केली.

"आवाज फाटतो का?"

"जोरात ओरडलात तर फाटेल."

"वारा आला तर फर्रफर्र येते का?"

"वर टोपी येते ना, केसाळ. ती घालायची."

तिने काचेवर तीन रेकॉर्डर मांडले. एक साबणाच्या वडीएवढा. दुसऱ्याला दोन माइक शिंगांसारखे. तिसरा जरा जाडा, त्याला खाली बाहेरचे माइक लावायला दोन भोकं.

"याच्यात ट्रॅक वेगळे होतात," ती तिसऱ्यावर नख वाजवत म्हणाली.

"हाच! हाच तो." काका माझ्याकडे वळला. "बघ आता."

दुकानाच्या मागे स्पंज लावलेली छोटी खोली होती, ड्रम वाजवून बघणाऱ्यांसाठी. एक माइक काकूपुढे, एक काकाच्या व्हायोलिनपाशी. काकूने पदर नीट केला, माझ्याकडे बघितलं आणि गायला लागली. अंतरा आला. भुवई वर गेली. काकूचा आवाज चपला हातात घेऊन निघाला.

"उतरलीस," काका समाधानाने म्हणाला. "आलं असेल यात. लावा हो, हिचा एकटीचा लावा."

हेडफोन त्याने आधी स्वतःच्या कानाला लावला. ऐकायला लागला. भुवई सवयीने वर गेली होती, ती तिथेच अडकली. खाली येईना. काकाने पुन्हा ऐकलं. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?" काकू म्हणाली.

"काही नाही. हेडफोन डब्बा आहे." तो मुलीकडे वळला. "यात ट्यूनर आहे ना? सूर मोजून सुई दाखवतो तो? मग सुईपुढे गाऊ दे हिला. कानाचं काही खरं नसतं."

काकूने तोच अंतरा सुईपुढे म्हटला. पडद्यावरची सुई मधोमध उभी राहिली, इकडेतिकडे जराशी हलली आणि खाली हिरवा दिवा लागला.

"हिरवा म्हणजे उतरला ना?" काकाने विचारलं.

"नाही, हिरवा म्हणजे बरोबर. उतरला तर सुई डावीकडे जाते."

"पण ती डावीकडे गेलीच नाही!"

"मग नाही उतरला," मुलगी म्हणाली. तिला ना गाण्याशी घेणं होतं ना काकाशी. "आता तुम्ही वाजवा. तुमचा पण चेक करून घ्या."

आता नाही म्हणणार कसं? काकाने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. मुखडा छान गेला, हिरवा दिवा. अंतरा आला, काका रंगात आला, डोळे मिटले, डावा हात तारेवर नाचायला लागला आणि सुई निघाली उजवीकडे. जशी निघाली ती परत येईना. लाल दिवा लागला. काकाचे डोळे मिटलेले, म्हणून त्याला काही दिसलं नाही. आम्हाला तिघींना नीट दिसलं. त्याने डोळे उघडले तेव्हा दिवा अजून लालच होता.

"हे काय?"

"चढलं," मुलगी म्हणाली. "म्हणजे तुम्ही वर गेलात. बरंच."

इतकी वर्षं नवरा जिना चढत होता आणि बायकोला विचारत होता, तू खाली का?

"मशीन पळतंय," काकाने निकाल दिला.

काकूने हसण्याचा प्रयत्नही केला नाही. जेवताना रोज ऐकलेल्या त्याच आवाजात, चष्मा नसताना चष्म्यावरून बघत ती म्हणाली, "मशीन पळत नाही. तुमचं बोट पळतं. मशीन फक्त बघतं."

मी भिंतीच्या स्पंजमध्ये तोंड खुपसलं.

त्यानंतर काकाने जे घूमजाव केलं, ते सर्कशीतही दिसणार नाही. साबणाची वडी हातात घेऊन तो मुलीला सांगायला लागला, "खरं तर हाच बरा. सुटसुटीत. एकच ट्रॅक. कसंय, संगीत म्हणजे एकजीव असणं. ते असं फाडून वेगवेगळं ऐकायचं म्हणजे काय? तो काय पोस्टमॉर्टेमचा प्रकार आहे का?"

"काका, तूच म्हणालास ना, ट्रॅक वेगळे नसले तर माणसाला आपली चूक कळत नाही?"

"ते शिकाऊ माणसाबद्दल गं. आणि मी म्हणतो, फोन तरी काय वाईट आहे?"

काकूने पर्स उघडली. दवाखान्यात पेशंटला बिल देते, तितक्याच शांतपणे म्हणाली, "हा जाडाच द्या. केसाळ टोपीसकट."

"अगं, याची बॅटरी..."

"टिकते. तुम्हीच महिनाभर सांगताय."

घरी रेकॉर्डिंगच्या दिवशी काकूने मशीन स्टुलावर ठेवलं, माइक लावले, लाल बटण दाबलं. मौनी गिटार घेऊन कोपऱ्यात. मुखडा झाला, अंतरा आला, काका नेहमीप्रमाणे चढायला लागला, भुवईही वर. आणि काकू हललीच नाही. तिने पूर्ण गळा सोडला होता. मी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. खोलीच्या खिडकीची काच झिणझिणली. काका वर एकटाच. शिडी काढून घेतल्यावर माळ्यावर राहिलेल्या माणसासारखं त्याने इकडेतिकडे बघितलं. काकू त्याच्याकडे बघत होती, आणि तिची भुवई वर होती. काका एकेक पायरी खाली आला. मग तीनही गाणी तशीच झाली: तो वर जाई, ती जागेवर उभी राही, तो परत येई.

"वा!" शेवटच्या गाण्यानंतर काका घाम पुसत म्हणाला. "आज कशी सुरात होतीस बघ! मी सांगत होतो ना, लक्ष दिलंस की होतं."

कोपऱ्यातून विचित्र आवाज आला. मौनी हसत होता.

"तुला माहीत होतं?" काकू त्याच्याकडे वळली. "हे चढतात ते?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस रे?"

"कार्यक्रमाला जायला गाडी काकांची असते," मौनी म्हणाला आणि गिटार पिशवीत घालायला लागला.

काकूने हेडफोन लावला आणि मशीन मांडीवर घेतलं. हॉटेलला पाठवायच्या आधी दोन्ही ट्रॅक जुळवून घ्यायचे होते. त्यासाठी प्रत्येकाचं वेगळं बटण होतं. काका तिच्या मागे येऊन उभा राहिला. मग शेजारी बसला. मग घसा खाकरला.

"मी काय म्हणतो. दुसऱ्या गाण्याला, अंतऱ्यात, व्हायोलिन जरा बारीक करतेस का?"

"का?"

"असंच. चांगलं वाटेल."

"मला तर चांगलंच वाटतंय. असू दे."

"नको. बारीक कर."

"पण का?" काकूने हेडफोन एका कानावरून काढला. बटणावरचं बोट तसंच होतं.

काकाने मौनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही कुठे जाणार नव्हतो.

"व्हायोलिन... चढतं थोडं."

"व्हायोलिन?"

"म्हणजे बोट."

"कुणाचं?"

काका स्वतःच्या हाताकडे बघत होता. मीटर पळतं म्हणून भांडून, मग आपल्याच नळाखाली बादली वाहताना सापडलेल्या माणसाचा चेहरा त्याचा झाला होता. तो चेहरा या वेळी त्याला करून दाखवावा लागला नाही.

"डाव्या हाताचं," काका म्हणाला.

काकूने क्षणभर वाट बघितली. यापुढे काही येणार नाही हे तिला कळलं असावं.

"आणि साहेबांच्या भाचीला काय सांगायचं?"

"सांगेन उद्या. सांगेन की आमच्याकडे गाणारी आहे."

"उद्या नको, आत्ता."

काकाने फोन उचलला आणि खिडकीपाशी गेला. तो "हो साहेब, नाही साहेब" करत होता, तोवर काकू बटण फिरवत होती. फोन ठेवून तो परत आला, हेडफोनचा एक कान आपल्याकडे ओढला आणि दचकला.

"अगं, मी कुठे गेलो? मला ऐकूच येत नाहीये!"

"बारीक कर म्हणालात ना."

"एवढं?"

"सांभाळून घ्या," काकू म्हणाली आणि फाइल पाठवून दिली.