परक्या आवाजातली आजी

पुण्याहून दिग्दर्शकाचा फोन आला, तेव्हा मी स्टुटगार्टच्या घरात लेकीला भरवत होते. सिनेमात मोठी भूमिका होती, दोन महिन्यांचं शूटिंग. नाटकं सोडून नवऱ्याच्या नोकरीमागे मी इथे आले होते, त्याला काही वर्षं झाली होती. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव." नवऱ्यांना हे वाक्य फार सोयीचं पडतं. गेले तर एवढीशी पोर आईवाचून राहणार, आणि नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारणार?

वरच्या मजल्यावर एक इंग्रज आजी राहायच्या. तरुणपणी लंडनला सिनेमात नायिका होत्या. जर्मन नवरा केला, मुलं झाली आणि काम सोडलं ते सोडलंच. जिना झाडायची आठवड्याची पाळी माझ्यानंतर त्यांची असायची, त्यातून ओळख झालेली. गुरुवारी त्यांनी चहाला बोलावलं. टीव्हीवर त्यांचा जुना सिनेमा लागणार होता. पश्चात्ताप होतो का, हे विचारायचंच असं ठरवून मी लेकीला घेऊन वर गेले.

इथे टीव्हीवर परदेशी सिनेमा जर्मनमध्ये डब करून दाखवतात, हे माझ्या लक्षातच नव्हतं. पडद्यावर पंचविशीतल्या आजी रडत होत्या आणि आवाज भलत्याच बाईचा.

"तुमचा खरा आवाज?" मी विचारलं.

"सिनेमातला म्हणून माझ्या मुलांनी हाच ऐकलाय," त्या हसून म्हणाल्या.

"इथे मूळ वाक्य काय होतं?"

त्यांनी आठवून पाहिलं, मग मान हलवली. "नाही आठवत. पण मुलं गुणी निघाली."

त्या खरंच सुखात होत्या. तेच मला बघवेना. त्या रडल्या असत्या तर मी धीर दिला असता. आपणही एक दिवस असेच हसत बसू, आणि काही गेलं हेसुद्धा कळणार नाही, याची मला भयंकर भीती वाटली.

खाली येऊन मी पुण्याला फोन लावला आणि घाईघाईने हो म्हणून टाकलं.

लेक शेजारीच उभी होती. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "कॉम्स्ट डू वीडर?" तिने विचारलं. परत येशील का?

"येणार ना गं," मी म्हणाले. इतकं साधं वाक्य, आणि मला ते धड म्हणता आलं नाही.