उद्घाटनाची बस

आज डोस्कं फिरलं माह्यं, म्हणून इथी लिहून राह्यली.

माह्यं गाव चामोर्शीच्या पुढं. आमच्या विद्यापीठाच्या गेटवर गावाकडची बस थांबत नाई, म्हणून मी शहरात खोली करून राहते. आज विद्यापीठानं, नगरपरिषदेनं अन् डेपोनं मिळून गेटवरच्या नव्या थांब्याचं उद्घाटन केलं.

हार घातलेली बस आली. फीत कापली. सर म्हणाले, "पोरींनो, बॅगा घेऊन चढा, फोटो काढायचा आहे." मी तं रुमाल टाकून खिडकीची जागाच धरली.

फोटो झाला अन् कंडक्टर म्हणे, "उतरा बाई, गाडी डेपोत चालली."

"अन् चामोर्शीची?"

"ते इथी नाई थांबत. थांबा अजून कागदावर चढला नाई."

"भाऊ, आत्ताच तं उद्घाटन झालं!"

"त्याले मी काय करू? वरून ऑर्डर येऊ द्या."

अर्ध्या तासानं चामोर्शीची बस आली. आमी सगळ्यांनी हात दाखवला. ड्रायव्हरभाऊनंही हसून हात दाखवला अन् गाडी पुढं नेली.

खोलीवर पोचली तं मायचा फोन. माह्या आधी फोटो गावात पोचला होता!

"बाई, तुले खिडकीत पाह्यलं वं! गेटवरूनच बस सुरू झाली ना? बाबा म्हणते, आता खोली सोडून दे, घरूनच जाणं-येणं कर."

इतकी खुश होती, की माह्या तोंडून 'नाई' निघालंच नाई.

आता तुमीच सांगा, त्या फोटोतली बस गावात किती वाजता येते म्हणून सांगू मायले?