अप्पांची गाडी आणि बोअरचं पाणी

सटवाजीला गाडीतलं सगळं कळतं, असं लातूरच्या आडत बाजारात निदान एक माणूस तरी मानत होता, आणि तो माणूस म्हणजे सटवाजी. आडत्या राजशेखर यांच्याकडे तो सव्वीस वर्षं ड्रायव्हर. खरं तर त्यांच्या वडिलांकडे, गुरुबसप्पांकडे, म्हणजे अप्पांकडे. गाडीही त्याच वर्षी घरात आलेली. चौऱ्याऐंशी वर्षांचे अप्पा दुसऱ्या गाडीत पाय ठेवत नसत आणि दर पंधरा दिवसांनी नांदेडला लेकीकडे, मंजुश्रीकडे गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हाताऱ्याच्या या एका हट्टावर सटवाजीची चूल पेटत होती.

या उन्हाळ्यात गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. चाकूर सोडलं की पिकअप जायचा. पाय पार खाली दाबला तरी गाडी रखडायची, तापमानाचा काटा लाल रेषेला भिडायचा. अर्धा तास बाभळीखाली उभी केली की पुन्हा पळायची. गॅरेजात नेली की मात्र अगदीच शहाण्यासारखी वागायची. प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंखा बदलला, पाण्याचा पंप नवा बसवला. दर वेळी सटवाजी मान हलवून सांगायचा, "मिस्तरी येडा हाय." मग एकदा भर दुपारी अप्पा दोन तास रस्त्याकडेला बसून राहिले, ओठ पांढरेफटक पडले. त्या दिवशी राजशेखर म्हणाले, "मामा, आता शेवटचं. दोष सापडला तर ठीक, न्हाईतर गाडीबी काढतो आन् तुमालाबी." अठ्ठावन्न वर्षांच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेल्या ड्रायव्हरला दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. सटवाजीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

नवा मिस्तरी विनोद यानं इंजिनला हातच लावला नाही. गाडी अर्धा तास चालू ठेवली, बंद केली आणि पुढं येऊन रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवला.

"वर चटका, खाली गार," तो म्हणाला आणि जाळी सोडवून वरचं झाकण उघडलं. पाणी तापवायच्या रॉडवर बसतो तसा क्षाराचा पांढरा थर आत बोटभर साचला होता. "निम्म्या नळ्या बुजल्यात मालक. पाणी फिरंना, म्हणून इंजन तापतंय. तापलं की ताकद सोडतंय, निवलं की परत पळतंय. ह्याच्यात बोअरचं पाणी कोण टाकून राहिलं?"

लातुरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. ते पिण्याचं. ते गाडीत ओतणाऱ्या माणसाला या गावात कुणी शहाणा म्हणणार नाही. सटवाजी रोज सकाळी अंघोळ करून, पिंडीवर घालावं तितक्या निष्ठेनं, तांब्यानं बोअरचं पाणी रेडिएटरात घालत आला होता. आधीच्या मिस्तरीनं इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटचा डबा दोनदा आणून दिला, तर सटवाजीनं "रंगीत पाणी" म्हणून तो गटारात ओतला. म्हणजे ज्या गाडीला जीव लावला, तिचा गळा यानंच रोज थोडा थोडा दाबला होता.

राजशेखर त्याच्याकडे वळले. गाडीबरोबर आलेले अप्पा बाजूच्या स्टुलावर काठी धरून बसले होते. सकाळी जेवलो की नाही, हेही त्यांना हल्ली आठवत नसे, आणि सटवाजीला ते पक्कं माहीत होतं.

"अप्पांनीच सांगितलं व्हतं," सटवाजी म्हणाला. "म्हणले, डबे कशाला इकत आणता, बोअरचं टाक."

अप्पांनी काठीवर हनुवटी टेकवली. आठवायचा त्यांनी खरोखर प्रयत्न केला असावा.

"हाव," ते शेवटी म्हणाले. "मीच सांगितलं आसंल. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता."

मग राजशेखर यांनी बापाला चार माणसांत झाडलं. "अप्पा, इथून पुढं कशात तोंड घालू नका. गप घरी बसा." विनोद पाने पुसत खाली बघू लागला. सटवाजीही खाली बघू लागला, पण त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. लाज वाटायची ती अजून वाटायची होती.

तापून तापून इंजिनही गेलं होतं, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला, म्हणून गाडी औशाच्या भंगारवाल्यानं ओढून नेली. नवी उंच गाडी आली, तिच्यावर सटवाजी कायम राहिला. अप्पांचे गुडघे तिच्या पायरीवर चढत नाहीत, आणि ते कुणाला म्हणतही नाहीत की मला चढवा. नांदेड सुटलं. मंजुश्री फोन करते, अप्पा हूं हूं करतात.

सकाळी सटवाजी गाडी काढायला येतो तेव्हा अप्पा ओट्यावर बसलेले असतात. नव्या गाडीच्या पहिल्या दिवशी त्यांनी त्याला जवळ बोलावलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "सटवाजी, माझ्यामुळं तुझी गाडी गेली रे. माफ कर मला." खरं काय ते बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. तो बोलला नाही. काल माफी मागितली हे अप्पांना आज आठवत नाही, पण गाडी आपल्यामुळं गेली एवढं मात्र मनात रुतून बसलंय, त्यामुळं ते रोज हात जोडतात.

आणि सटवाजी रोज म्हणतो, "जाऊ द्या अप्पा, केलं माफ."